संगणकाची ओसरी
लॉगिनच्या पडद्यावरील चित्र : ते कसे बदलावे, त्यावर काय असावे व काय असू नये

पंचायतीचे कार्यालय असो, प्राथमिक शाळा असो अथवा मामलतदारांची कचेरी असो, आज तेथील कामकाज संगणकावाचून चालत नाही. जन्ममृत्यूच्या नोंदी, शिधापत्रिका, जमिनीचे उतारे, विद्यार्थ्यांचे गुण, शिष्यवृत्तीचे अर्ज ही सारी माहिती पूर्वी कपाटातील दप्तरांत असे. आता ती संगणकात असते. कपाटाला जसे कुलूप, तसे संगणकाला लॉगिन. यंत्र सुरू होताच ‘आपण कोण?’ असे विचारणारा आणि पासवर्ड, म्हणजे गुप्त सांकेतिक शब्द, मागणारा जो पहिला पडदा समोर येतो, तो लॉगिनचा पडदा होय.

या पडद्याच्या मागे एक चित्र असते. कधी निळा रंग, कधी परदेशातील एखादे सरोवर, कधी बर्फाच्छादित शिखर. संगणक विकत घेतला त्या दिवशी जे चित्र होते तेच बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे राहते. वस्तुतः ते आपल्या इच्छेनुसार बदलता येते आणि त्यासाठी फार वेळही लागत नाही. मात्र हे चित्र बदलण्यापूर्वी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. संपूर्ण संगणकात हा एकच भाग असा आहे की जो पाहण्यास पासवर्ड लागत नाही.

आपल्या जुन्या घरांच्या रचनेवरून ही गोष्ट सहज समजेल. अंगण ओलांडले की ओसरी लागते, तिच्या पलीकडे माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर व देवघर. वाटसरू, टपालवाला, कुळे, शेजारी ही सारी मंडळी ओसरीवर बसत. तेथे पाण्याचा तांब्या असे, भिंतीवर पंचांग टांगलेले असे. दागिन्यांचा डबा व जमिनीची कागदपत्रे मात्र ओसरीवर कोणी ठेवीत नसे. लॉगिनचा पडदा ही संगणकाची ओसरी आहे. ती नीटनेटकी ठेवावी, येणाऱ्याच्या उपयोगी पडेल असे काही तेथे असावे. पण माजघरातील कोणतीही वस्तू तेथे येऊ देऊ नये. या लेखात जे सांगावयाचे आहे त्याचे सार एवढेच आहे.

लॉगिनची प्रथा कशी सुरू झाली

आरंभीच्या काळात संगणक ही एका वेळी एकाच माणसाने वापरावयाची अवाढव्य व महागडी वस्तू होती. एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रणाली तयार केली. तिचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. यंत्र सामाईक झाले, तेव्हा प्रत्येकाचे कागद वेगळे ठेवण्याची गरज उत्पन्न झाली आणि त्यातूनच संगणकावरील पासवर्डचा जन्म झाला.

याच प्रणालीत त्या दशकात घडलेला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकास त्या दिवसाची एक सूचना दाखविण्याची तेथे पद्धत होती. एके दिवशी एक व्यवस्थापक ती सूचना लिहीत असताना दुसरा व्यवस्थापक पासवर्डची यादी दुरुस्त करीत होता. प्रणालीतील एका दोषामुळे दोन्ही मजकुरांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डची यादी उमटू लागली. पुढे १९९० सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाल्यावर कोर्बाटो यांनी आपल्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला होता. लॉगिनच्या वेळी जे दिसते ते सर्वांना दिसते, हा धडा संगणकाच्या इतिहासात इतका जुना आहे.

चित्र कोठून आले

१९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला, तेव्हा तो सुरू करणाऱ्यास कोणी नाव विचारीत नसे. बटण दाबणारा तोच मालक, अशी स्थिती होती. पुढे कार्यालयांतून अनेक संगणक एकमेकांस जोडले जाऊ लागले. १९९३ साली आलेल्या विंडोज एनटी या प्रणालीत कंट्रोल, आल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबल्यावर लॉगिनची चौकट येत असे. यामागे हेतू होता. या तीन कळांचा संकेत थेट मूळ प्रणालीकडे जातो, मधला कोणताही सामान्य प्रोग्राम तो अडवू शकत नाही. त्यामुळे समोर आलेली चौकट खरीच आहे याची खात्री पटते.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने निळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक वापरकर्त्याचे नाव व छोटे चित्र दाखविण्यास सुरुवात केली. हा पडदा बदलण्याची सोय कंपनीने दिली नव्हती. हौशी मंडळी मूळ प्रणालीतील फाईलच बदलून टाकीत आणि त्यात चूक झाली तर लॉगिनचा पडदाच बंद पडून स्वतःच्या संगणकात शिरणे कठीण होई. २००९ सालच्या विंडोज ७ मध्ये संगणक बनविणाऱ्या कंपन्यांना आपले चित्र लावता यावे म्हणून एक सोय ठेवली होती. ठराविक ठिकाणी ठराविक नावाचे चित्र ठेवावयाचे, ते २५६ किलोबाइटपेक्षा मोठे असता कामा नये, आणि प्रणालीच्या नोंदवहीत एक खूण करावयाची, अशी ती पद्धत होती.

२०१२ साली विंडोज ८ बरोबर लॉक स्क्रीन नावाचा आणखी एक पडदा आला. त्यावर मोठे चित्र, घड्याळ व तारीख दिसते. कळ दाबली की तो बाजूला होतो आणि पासवर्डची चौकट येते. ओसरीच्या पुढे जणू एक पडवीच निघाली. २०१५ सालच्या विंडोज १० मधील खिडकीतून येणाऱ्या निळ्या प्रकाशाचे चित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. ते केवळ संगणकावर रंगविलेले नव्हते. खरी खिडकी, लेसर व प्रकाशझोत वापरून त्याचे छायाचित्रण करण्यात आले होते. पासवर्डच्या पडद्यामागेही हेच चित्र असे आणि ते बदलण्याची साधी सोय पहिल्या वर्षी नव्हती. ऑगस्ट २०१६ च्या सुधारणेपासून लॉक स्क्रीनसाठी निवडलेले चित्रच पासवर्डच्या पडद्यामागे दाखविता येऊ लागले. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्येही हीच पद्धत चालू आहे.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, जुन्या काळातील फाईल बदलण्याच्या युक्त्या अजूनही एकमेकांस सांगितल्या जातात आणि त्यासाठी कोठून तरी आणलेले प्रोग्राम संगणकात घातले जातात. आता त्यांची काहीही गरज उरलेली नाही. केवळ एका चित्रासाठी अनोळखी प्रोग्रामास घरात घेणे म्हणजे ओसरी रंगविण्यासाठी आलेल्या परक्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देण्यासारखे आहे.

चित्र तयार करताना

पहिली गोष्ट आकाराची. आजचे बहुतेक पडदे रुंदीस सोळा व उंचीस नऊ या प्रमाणात असतात. त्यांच्यासाठी १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असे चित्र योग्य होय. चार व तीन या प्रमाणातील जुने पडदे असल्यास त्यांच्यासाठी वेगळे चित्र करावे. नाहीतर ते दोन्ही बाजूंनी कापले जाते. मोबाईलवर उभे धरून काढलेले छायाचित्र येथे उपयोगी पडत नाही. फोन आडवा धरून काढावे.

दुसरी गोष्ट जागेची. विंडोज ११ च्या लॉक स्क्रीनवर घड्याळ वरच्या बाजूस मध्यभागी असते, तर विंडोज १० मध्ये ते खाली डावीकडे असते. चित्रात काही मजकूर लिहावयाचा असल्यास तो घड्याळाखाली झाकला जाणार नाही असा लिहावा. विंडोज ११ साठी पडद्याचा मधला पट्टा व विंडोज १० साठी वरचा अर्धा भाग सोयीचा ठरतो.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मे २०१९ च्या सुधारणेपासून पासवर्डची चौकट येताच मागील चित्र धूसर होते. त्यामुळे चित्रातील अक्षरे फक्त लॉक स्क्रीनवर, म्हणजे कळ दाबण्यापूर्वी, वाचता येतात. ही धूसरता नको असल्यास सेटिंग्जमधील ‘पर्सनलायझेशन’ व त्यातील ‘कलर्स’ या भागात जाऊन ‘ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स’ बंद करावेत.

मराठी मजकुराचे चित्र करण्यास वेगळ्या कौशल्याची गरज नाही. भाषणाच्या वेळी दाखवावयाच्या पारदर्शिका ज्या प्रोग्रामात करतात, त्यातच एक रुंद पारदर्शिका उघडावी, मागे छायाचित्र घालावे, त्यावर मजकूर लिहावा आणि ती चित्र म्हणून जतन करावी. मजकूर अधिक असल्यास पीएनजी प्रकार निवडावा, त्यात अक्षरांच्या कडा स्पष्ट राहतात. केवळ छायाचित्र असल्यास जेपीजी पुरेसा आहे. एकदा चित्र झाले की अक्षरे चित्राचाच भाग होतात. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर मराठी टंक नसला तरी ती बिघडत नाहीत. चार ओळींहून अधिक मजकूर घालू नये. खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्या वृद्ध माणसास चष्म्यावाचून वाचता येईल एवढे मोठे अक्षर असावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर सर्वांत चांगले दिसते.

प्रत्यक्ष कृती

विंडोज ११ किंवा विंडोज १० असलेल्या संगणकावर पुढील क्रमाने जावे.

१. तयार केलेले चित्र ‘पिक्चर्स’ या फोल्डरमध्ये ठेवावे. पेन ड्राइव्हवरील चित्र थेट निवडू नये.

२. विंडोजची खूण असलेली कळ व ‘आय’ ही कळ एकदम दाबून सेटिंग्ज उघडाव्यात. तेथे ‘पर्सनलायझेशन’ व त्यात ‘लॉक स्क्रीन’ हा भाग निवडावा.

३. तेथे तीन पर्याय दिसतील. ‘विंडोज स्पॉटलाइट’ म्हणजे कंपनीकडून इंटरनेटवरून येणारी बदलती चित्रे, ‘स्लाइडशो’ म्हणजे आपल्या अनेक चित्रांची माला आणि ‘पिक्चर’ म्हणजे एकच निश्चित चित्र. ‘पिक्चर’ निवडून आपले चित्र दाखवावे.

४. चित्रावर कंपनीच्या सूचना व गमतीदार माहिती दाखविण्याची जी खूण तेथे असते ती काढून टाकावी; अन्यथा आपल्या मजकुरावर दुसराच मजकूर येतो.

५. ‘लॉक स्क्रीनचे चित्र साइन-इनच्या पडद्यावर दाखवावे’ अशा अर्थाचा पर्याय चालू करावा.

६. विंडोजची कळ व ‘एल’ ही कळ एकदम दाबावी. संगणकास कुलूप लागेल आणि नवे चित्र समोर येईल.

यात येणाऱ्या अडचणी प्रायः तीन प्रकारच्या असतात. विंडोजची प्रत अधिकृतपणे कार्यान्वित केलेली नसेल तर हे पर्याय निष्क्रिय दिसतात. ‘काही सेटिंग्ज आपल्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहेत’ असा इंग्रजी संदेश आल्यास त्या कार्यालयाचे चित्र मुख्यालयातून ठरविले जाते असे समजावे. तेथे युक्त्या लढवू नयेत, संगणक विभागास लेखी कळवावे. आणि एका संगणकावर अनेकांची खाती असतील तर प्रत्येकाची ही निवड स्वतंत्र असते, म्हणून ती प्रत्येक खात्यात करावी लागते. विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्या कार्यालयांत अजून तीच प्रणाली चालते, त्यांनी चित्राचा विचार करण्यापूर्वी प्रणालीच्या सुरक्षिततेचा विचार करणे अगत्याचे आहे.

लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांनी ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधील ‘लॉगिन विंडो’ येथे जाऊन पार्श्वचित्र निवडावे. तेथे व्यवस्थापकाचा पासवर्ड विचारला जातो व ते योग्यच आहे. कारण हा पडदा कोणा एका माणसाचा नसून यंत्राचा असतो. चित्र आपल्या खासगी फोल्डरमध्ये असले तर पुष्कळदा ते दिसत नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. लॉगिनचा पडदा उभा राहतो तेव्हा कोणाचेही घर उघडलेले नसते, मग आतील चित्र बाहेर कसे यावे? म्हणून ते सर्वांना वाचता येणाऱ्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवावे.

काय असावे

शासकीय कार्यालय सर्वांचे आहे. तेथे येणारा माणूस कोणत्याही धर्माचा, पक्षाचा व भाषेचा असू शकतो. तेव्हा चित्रही सर्वांना आपले वाटेल असे असावे. मांडवी व जुवारीची पात्रे, खाजन शेतीचे बांध व मानशी, पावसाळ्यातील भातशेते, काजूच्या बागा यांची आपल्या भूमीत वाण नाही. परदेशातील सरोवराऐवजी आपल्या गावच्या तळ्याचे छायाचित्र पाहून येणाऱ्यास बरे वाटते. शाळेत विद्यार्थ्याने काढलेले चित्र लावता येईल. दर महिन्यास नवे चित्र निवडल्यास मुलांना उत्तेजन मिळेल.

इंटरनेटवर आढळलेले प्रत्येक छायाचित्र फुकट घ्यावयाचे असते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने छायाचित्रकारास आपल्या चित्रावर हक्क दिला आहे. स्वतः काढलेले छायाचित्र हा सर्वांत निर्वेध मार्ग होय. राजमुद्रेच्या बाबतीतही दक्षता हवी. तिचा वापर कोणी व कोठे करावा हे २००५ चा अधिनियम व २००७ चे नियम यांनी ठरवून दिले आहे. शोभेची वस्तू म्हणून ती कोठेही चिकटविता येत नाही.

मजकूर घालावयाचा तर तो येणाऱ्याच्या उपयोगी पडणारा असावा. संकटकाळी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८, आणि इंटरनेट वा फोनवरून आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक नागरिकास ठाऊक असले पाहिजेत. फसवणुकीच्या प्रकरणात पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार वेगाने फिरविला जातो. म्हणून पहिल्या काही तासांत १९३० वर कळविणे महत्त्वाचे असते. हा क्रमांक रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या सहज वाचनात आला, तर एखाद्याची आयुष्याची पुंजी वाचू शकेल.

मात्र हा पडदा सूचनाफलकाची जागा घेऊ शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. कुलूप लावल्यानंतर थोड्याच वेळात वीज वाचविण्यासाठी तो काळा होतो. म्हणून कायद्याने फलकावर लावावयाची सूचना फलकावरच लावावी. तसेच पडद्यावरील सूचनेस आयुष्य असते. अर्जाची मुदत संपून गेली तरी ती सूचना तशीच राहिली, तर ती वाचून कोणी गरजू दोन बस बदलून कार्यालयात येतो आणि रिकाम्या हाताने परततो. शासनाच्या शब्दावरील त्याचा विश्वास त्या दिवशी थोडा कमी होतो. सबब सूचनेत तारीख अवश्य लिहावी आणि ती कोणी काढावयाची हे आधीच ठरवावे.

काय असू नये

पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेस चिकटविण्याची सवय जगभर आढळते. १३ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतील हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा सर्व नागरिकांच्या फोनवर गेला. तो एका कर्मचाऱ्याच्या हातून गेला होता, पासवर्डशी त्याचा संबंध नव्हता. परंतु त्यानंतर लोकांनी त्या आपत्कालीन यंत्रणेची जुनी छायाचित्रे पाहण्यास सुरुवात केली आणि जुलै २०१७ मध्ये वृत्तसंस्थेने काढलेल्या एका छायाचित्रात पडद्यास चिकटविलेली पासवर्डची चिठ्ठी स्पष्ट दिसली. छायाचित्र काढणाऱ्यास, काढू देणाऱ्यास आणि छापणाऱ्यास ती खटकली नव्हती. आपल्या कार्यालयांतूनही समारंभांची छायाचित्रे घेतली जातात व ती प्रसिद्ध होतात. त्यांच्या पार्श्वभूमीस असलेल्या पडद्यावर काय दिसते आहे, हे प्रथम पाहावे.

लाभार्थ्यांची यादी, कोणाचा आधार क्रमांक, दूरध्वनी, रोगाची माहिती, विद्यार्थ्यांचे नावासह छायाचित्र यांपैकी काहीही या पडद्यावर असू नये. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली स्वतंत्र अधिनियम केला आहे. कायद्याचे भय बाजूस ठेवले तरी, विधवेचे निवृत्तिवेतन किंवा एखाद्याचे आजारपण चारचौघांत वाचले जाऊ नये, ही साधी माणुसकी आहे.

चित्राखेरीज इतरही काही गोष्टी येथे आपोआप दिसतात. आलेल्या ई-पत्राची पहिली ओळ लॉक स्क्रीनवर उमटू शकते. सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ व ‘नोटिफिकेशन्स’ या भागात जाऊन लॉक स्क्रीनवरील संदेश बंद करता येतात. ‘अकाउंट्स’ व ‘साइन-इन ऑप्शन्स’ येथे खात्याचा ई-मेल पत्ता न दाखविण्याची सोय आहे. चित्र बदलताना ही दोन कामेही उरकून घ्यावीत.

चित्र म्हणजे कुलूप नव्हे

आपल्या ओळखीचे चित्र दिसले म्हणजे सर्व ठीक आहे, असा मनाचा कल होतो. अमेरिकेतील काही बँकांनी याच समजुतीवर एक योजना आखली होती. ग्राहकाने निवडलेले चित्र लॉगिनच्या वेळी दाखवावयाचे. ते दिसले नाही तर ग्राहकाने पासवर्ड देऊ नये, अशी अपेक्षा होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी ते चित्र मुद्दाम काढून टाकले. स्वतःच्या खऱ्या खात्यानिशी भाग घेणाऱ्या २५ जणांपैकी २३ जणांनी तरीही पासवर्ड देऊन टाकला. चित्र माणसास रिझविते, सावध करतेच असे नाही. खोटा पडदा रंगविणे कठीण नसते. म्हणून अनोळखी ठिकाणी, अनपेक्षित वेळी पासवर्डची मागणी झाल्यास थांबावे.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. ओसरी कितीही सुंदर असली तरी माजघराचे दार उघडे टाकून बाहेर गेल्यास तिचा काय उपयोग? चहास उठताना, वरिष्ठांनी बोलाविले असताना, तास संपवून दुसऱ्या वर्गावर जाताना विंडोजची कळ व ‘एल’ ही कळ दाबण्यास एक क्षण लागतो. ती सवय नसेल तर हा पडदा सकाळी एकदाच दिसतो आणि दिवसभर सारी दप्तरे उघडी राहतात. चांगल्या चित्राचा एक लाभ असाही आहे की ते पाहण्यासाठी का होईना, कुलूप लावण्याची सवय जडते. ज्या कार्यालयात कर्मचारी उठताच गावच्या तळ्याचे चित्र पडद्यावर येते, तेथे आलेल्या नागरिकास न सांगताही समजते की आपली कागदपत्रे जपली जात आहेत.

वर्गात विचारण्यासाठी

शिक्षकांनी हा पाठ घेताना विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारावेत व शक्य तेथे कृती करून घ्यावी.

१. संगणकातील कोणता भाग पासवर्डवाचून दिसतो? तेथे ठेवू नयेत अशा तीन गोष्टी सांगा.

२. चित्र खासगी फोल्डरमध्ये असल्यास लिनक्समधील लॉगिनच्या पडद्यावर ते का दिसत नसावे?

३. आपल्या शाळेसाठी सोळा व नऊ या प्रमाणात एक चित्र काढा. घड्याळाची जागा मोकळी सोडा आणि मोठ्या अक्षरांत १०९८ हा क्रमांक लिहा.

४. एखादी सूचना लावली तर ती कोणत्या दिवशी व कोणी काढावी, हे चित्राच्या मागे टिपून ठेवा.